थांबलाय की विसरलाय?

थांबलेला नट आणि विसरलेला नट प्रेक्षकांना सारखेच दिसतात. दोघंही गप्प असतात, दोघंही समोर कुठेतरी बघत असतात. यातला फरक विंगेत उभ्या असलेल्या प्रॉम्प्टरला कळायला हवा, आणि तोही डोळ्याचं पातं लवायच्या आत. विसरलेल्याला शब्द दिला नाही तर प्रयोग पडतो. थांबलेल्याला शब्द दिला तर तो मध्यंतरात येऊन तुमचा उद्धार करतो. "ताई, पॉज होता तो! काय रंगला होता! घातलात ना पाण्यात!" अशी बोलणी मी सुरुवातीच्या काळात पुष्कळ खाल्ली आहेत.

प्रॉम्प्टर म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं, कारण हे काम नाटकातून जवळजवळ गेलंच आहे. हातात नाटकाची संहिता घ्यायची, आम्ही तिला बाड म्हणतो, आणि नट अडला की विंगेतून त्याला शब्द द्यायचा. शब्द म्हणजे शब्दच. पूर्ण वाक्य दिलं तर नट गोंधळतो. त्याला वाक्याचं पहिलं टोक हवं असतं, बाकीचं तो स्वतः ओढून घेतो. कुजबुजायचं तर मुळीच नाही. कुजबुज पाचव्या रांगेपर्यंत जाते. छातीतून काढलेला खालचा आवाज मात्र नटापाशीच राहतो.

थांबलाय की विसरलाय, हे ओळखायला मी हात बघते. चेहऱ्यावर भरवसा ठेवू नये, चेहरा हे नटाचं भांडवलच असतं. विसरलेल्याचे हात काहीतरी शोधायला लागतात. खिसा, पदराचं टोक, टेबलाची कड. थांबलेल्याचे हात जागेवर असतात. एवढंच माझं शास्त्र. त्याच्यावर मी तीस वर्षं जेवले आणि मुलाला इंजिनीअर केलं.

मी मूळची सेलूची. वडील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली करायचे. शाळेत पुस्तकं सगळ्यांकडे नसायची, म्हणून आमच्या मराठीच्या बाई मला पुढे बोलवून धडा मोठ्यानं वाचायला लावत आणि बाकीची मुलं लिहून घेत. बाई म्हणायच्या, "मंगल, आवाज दे, पण कुणाच्या पुढे पळू नकोस." मुंबईत कुणी मला प्रॉम्प्टिंग शिकवलं नाही, कारण शिकवण्यासारखं जे होतं ते बाईंनी तिथेच शिकवून ठेवलं होतं. त्या बाईंमुळे आणि सरकारी स्कॉलरशिपमुळे मी घरातली पहिली पदवीधर झाले. हे उपकार विसरावेत असा शहाणपणा मला अजून आलेला नाही.

पुढे घाटकोपरला मावशीकडे आले, व्यावसायिक नाटकांत लागले. ती कामं आटली तशी मालिकांच्या सेटवर गेले. मढ, मनोरीकडच्या बंगल्यांत दिवसभर शूटिंग चालतं आणि तिथे नटांना पाठांतराला वेळच नसतो, त्यामुळे प्रॉम्प्टर लागतोच. पोट त्यावर भरलं. मन मात्र आमच्या गटात भरलं. हा गट म्हणजे नोकऱ्या सांभाळून राजकीय नाटकं करणारी आठ-दहा माणसं. नाटकं लिहितो आणि बसवतो नंदू, तो बँकेत आहे. प्रमुख नट विलास, कारखान्यात सुपरवायझर. आम्ही तिघं एका वयाचे, त्यामुळे सगळा कारभार अरे-तुरेचा.

फॅसिझम हा शब्द मी पहिल्यांदा नंदूच्या तोंडून ऐकला तेव्हा मला ते एखाद्या गोळीचं नाव वाटलं होतं. मी सरळ विचारलं, "हे काय असतं रे? मला कळेल असं सांग, तुमच्या शिबिरातलं नको."

नंदूनं जरा विचार केला. "वर्गात मॉनिटर असतो ना? बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो. ठीक. मग तो गप्प बसणाऱ्यांचीही नावं लिहायला लागतो, टाळ्या कमी वाजवल्या म्हणून. मग म्हणतो, त्या कोपऱ्यातली मुलं मुळात आपल्या वर्गातली नाहीतच. आणि बाकीचा वर्ग काय म्हणतो? चला, शिस्त तरी आली!"

"आणि मास्तर?"

"मास्तर बाहेर उभे राहून म्हणतात, वा, काय शांत वर्ग आहे."

एवढं मला पुरलं. तीन-चार वर्षांपूर्वी नंदूनं 'हात वर' नावाचं नाटक लिहिलं, ते याच समजुतीवर. गेली काही वर्षं आपण ज्या हवेत राहतोय, ती त्याला मोठमोठ्या भाषणांतून दाखवायची नव्हती. त्यानं घेतली एक साधी हाउसिंग सोसायटी. प्रेक्षक म्हणजे सोसायटीचे सभासद. रंगमंचावर अध्यक्ष, म्हणजे विलास. तो एकेक ठराव मांडतो आणि प्रेक्षकांनी हात वर करायचे. पहिला ठराव, चपला दाराच्या आत काढाव्यात. सगळे हात वर. दुसरा, ओले कपडे बाहेर दिसू नयेत. हात वर. असं करत करत शेवटचा ठराव येतो: 'सोसायटीचे वातावरण एकजिनसी राहावे यासाठी, ज्यांच्या राहणीमुळे इतरांस परकेपणा जाणवतो अशा भाडेकरूंना निवास देऊ नये.' तोवर लोक हसत असतात, हाताला वर जायची सवय झालेली असते. मग अध्यक्ष पहिल्यापासून सर्वांत मोठ्यानं 'मंजूर' ओरडणाऱ्या कांबळी नावाच्या पात्राकडे वळतो आणि म्हणतो, तुमच्यामुळे मला परकेपणा जाणवतो. अंधार. नाटक संपलं.

प्रत्येक ठरावानंतर विलासचं एक पालुपद होतं. "विरोधात कोण? कोणीच नाही. मंजूर!" हे तो एका दमात म्हणायचा, सोडा वॉटरची बाटली फोडल्यासारखं.

या नाटकाच्या वाट्याला तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं आली. मुलुंडला एका हॉलचं बुकिंग आम्ही तीनदा केलं आणि तिन्ही वेळा नेमक्या त्याच दिवशी तिथे पेस्ट कंट्रोल निघालं. तिसऱ्यांदा नंदू तिथल्या मॅनेजरना म्हणाला, "साहेब, तुमच्याकडची झुरळं आमचं नाटक बघितल्याशिवाय मरायची नाहीत, एकदा होऊ द्या." मॅनेजर भला माणूस होता. मान खाली घालून म्हणाला, "मला फोन येतो हो. कुणाचा ते विचारू नका."

घाटकोपरला एक साध्या वेशातले हवालदार प्रत्येक प्रयोगाला येऊन बसत. कुणी आक्षेपार्ह बोललं तर टिपून घ्यायचं, एवढं त्यांचं काम. चौथ्या की पाचव्या प्रयोगाला विलास एका वाक्यावर खरोखर अडला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून स्पष्ट आवाजात शब्द आला, "वातावरण!" हवालदारसाहेब. प्रेक्षकांत हशा पिकला. प्रयोग संपल्यावर मी त्यांना गाठून म्हटलं, "माझ्या पोटावर पाय देताय होय?" ते ओशाळून म्हणाले, "ताई, इतक्यांदा ऐकलं की पाठ होतं. आता घरी पण तेच बडबडतो, बायको वैतागली." मग हळूच म्हणाले, "शेवटचा ठराव ऐकला की मला आमच्या साहेबांची आठवण येते, पण हे लिहू नका कुठे." आता ते निवृत्त आहेत, म्हणून लिहिते.

मनोरीला गावातल्या चौकात प्रयोग केला. अध्यक्षानं पहिला ठराव मांडला, चौकभर हात वर झाले. पुढेच बसलेली एक कोळीणआजी मात्र मांडीवरची टोपली धरून तशीच. विलासनं नाटकातल्या रुबाबात विचारलं, "आजी, हात वर का नाही?" ती म्हणाली, "हात मोकला नाय माजा. आनि तू कोन रं मोटा?" विलास त्या दिवशी पुढचं वाक्य विसरला आणि मीही शब्द दिला नाही, कारण मीही हसत होते. परतताना खाडीच्या बोटीत नंदू एवढंच म्हणाला, "आपल्या सगळ्या नाटकात नाही ते म्हातारीनं एका ओळीत सांगितलं." ते वाक्य आम्ही नाटकात घालून बघितलं. नटीच्या तोंडी ते नुसता विनोद झालं. काढून टाकलं.

आता चारकोपची गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

मी राहते ती चारकोपच्या एका सेक्टरमधली लहान, तीन मजली सोसायटी. गणपतीत सांस्कृतिक कार्यक्रम असतो. दरवर्षी तीच लिंबू-चमच्याची शर्यत आणि त्याच गाण्यांच्या भेंड्या. त्या वर्षी मी सेक्रेटरी खानविलकरांना म्हटलं, यंदा आमचं नाटक ठेवू. खानविलकर उत्साही माणूस. पाण्याचा पंप असो की वर्गणी, स्वतः धावतात. लगेच तयार झाले.

मांडवात असा प्रयोग रंगला की विचारू नका. हात तर असे वर जात होते, जणू आरतीला ताम्हन धरायला पुढे येतायत. नाटक संपल्यावर विलासभोवती फोटोसाठी गर्दी. कांबळीचं काम करणाऱ्या बिचाऱ्या पोराला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून आवारातली मुलं क्रिकेट खेळताना ओरडायला लागली, "आउट! विरोधात कोण? कोणीच नाही. मंजूर!" मला बरं वाटत होतं. आपलं नाटक लोकांच्या तोंडी बसलं, यापेक्षा आमच्यासारख्यांना आणखी काय हवं असतं?

दिवाळीनंतर नोटीस बोर्डावर विशेष सभेची नोटीस लागली. मी भाजीची पिशवी हातात घेऊन वाचायला लागले आणि तिसऱ्या शब्दाला थबकले. 'सोसायटीचे वातावरण एकजिनसी राहावे यासाठी...' पुढचं मला वाचावं लागलं नाही. ते माझ्या तोंडात आपोआप येत गेलं. कानामात्रेचाही फरक नव्हता. नंदूनं दुष्टपणाचा नमुना म्हणून लिहिलेला ठराव आमच्या सोसायटीनं जसाच्या तसा उचलला होता.

खानविलकर जिन्यात भेटले. "वाचलं का मंगलताई? तुमच्या नाटकातलं घेतलं हां. काय भाषा आहे! आमच्याच्यानं असं लिहवलं नसतं."

"अहो खानविलकर, तो ठराव वाईट आहे हे दाखवण्यासाठीच तर ते नाटक आहे!"

"हो हो, नाटकात वाईटच आहे," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "पण मुद्दा बरोबर आहे ना?"

मलाही शब्द देणारं तिथे कुणी नव्हतं.

मुद्दा होता नसीमटीचरचा. आमच्याच इमारतीत राहणाऱ्या पेडणेकरकाकांची दुसऱ्या मजल्यावर आणखी एक जागा आहे, मुलासाठी घेतलेली. मुलगा नाशिकला स्थायिक झाला, म्हणून काकांनी ती नसीमटीचरना भाड्यानं दिली. टीचर रत्नागिरीकडच्या, नवरा वारलेला, सोबत सासू. मराठी माझ्यापेक्षा शुद्ध, रागावल्या की कोकणी. आमच्या इमारतीतली अर्धी मुलं त्यांच्याकडे गणिताला जात होती, खानविलकरांची धाकटीसुद्धा. भांडण नव्हतं, तक्रार नव्हती. पण कुणाच्या तरी मोबाइलवर काहीबाही येत राहिलं, कुणीतरी म्हणालं की एकाला जागा दिली की मग सगळे येतात, आणि हवा तयार झाली. फक्त ती कशा शब्दांत मांडावी हे कुणाला सुचत नव्हतं. ते आम्ही पुरवलं होतं.

मी वर जाऊन टीचरना भेटले. त्या वह्या तपासत होत्या. मी म्हटलं, "टीचर, हे आमच्यामुळे झालं. आम्हाला वाटलं होतं की लोक बघतील आणि..."

"आणि शहाणे होतील," त्यांनी वाक्य पुरं केलं. "ताई, मी पण बघितलं की तुमचं नाटक. छान होतं. मी पण हात वर केला होता, चपलांच्या ठरावाला." मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "तुमचा प्रयोग संपला की तुम्ही सामान टेम्पोत भरता. मला सामान भरायचं तर आधी घर शोधावं लागतं. तीन एजंटांशी बोलले. नाव सांगितलं की ते म्हणतात, कळवतो."

हे मला फार लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

असा ठराव कायद्यानं टिकत नाही, हे नंदूनं सांगितलं. ते खानविलकरांनाही माहीत असावं. पण नोटीस बोर्डावरचा कागद कायद्याला विचारून लागत नाही. त्या कागदाला माणूस कंटाळतो, मग स्वतःच निघून जातो. टीचरनी घर सोडायचं की नाही, हे आता एकाच माणसाच्या तोंडी होतं, आणि तो माणूस म्हणजे पेडणेकरकाका. जागा त्यांची. त्यांनी सभेत उभं राहून 'मला हे मान्य नाही' म्हटलं असतं तर ठरावातली हवा गेली असती. पण काका जन्मात कधी सभेत बोलले नव्हते. सरकारी कचेरीत पूर्ण नोकरी त्यांनी टाचण्या लावत शांतपणे काढली होती.

सभेच्या आधी दोन दिवस काका माझ्याकडे आले. "मंगल, मला बोलायचंय गं. पण चार माणसं माझ्याकडे बघायला लागली की घशाला कोरड पडते. तू माझ्यामागे उभी राहा आणि शब्द दे. तुझं कामच आहे ना ते?"

तीस वर्षांत एवढं मोठं काम मला कुणी दिलं नव्हतं.

काकांच्या स्वयंपाकघरात तालीम झाली. काकू मटार सोलत बसल्या होत्या. वाक्य ठरलं: 'नसीमटीचर माझ्या भाडेकरू आहेत आणि त्या राहणार आहेत.' काका म्हणून बघत होते आणि 'आणि'वर अडकत होते.

काकू म्हणाल्या, "राहणार आहेत काय? राहणारच म्हणा! पिठलंसुद्धा एवढं पातळ नसतं."

"अगं, सभ्यपणे सांगायला नको का?"

"घरात बोलता येतं यांना," काकू मला म्हणाल्या, "तेसुद्धा मी माहेरी गेले की."

शेवटी काकांनी वाक्य पाठ केलं. मी सांगितलं, "काका, घाबरू नका. अडलात की मी 'नसीम' म्हणेन. बाकीचं येईल."

सभा रविवारी सकाळी आवारात भरली, जिथे मांडव होता तिथेच. सभासदांपुरतीच असल्यामुळे टीचर वरच होत्या. पण खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा खानविलकरांनी पोरांना वर पाठवून शिकवणीच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या मागवल्या. टीचरनी दिल्या. नंतर मला म्हणाल्या, "माझ्याविरुद्धची मीटिंग, आणि खुर्च्या माझ्याच."

मी पाण्याच्या टाकीला टेकून, काकांच्या मागे दोन पावलांवर उभी राहिले. खानविलकरांनी ठराव वाचला, आणि शप्पथ सांगते, अगदी विलाससारखा वाचला. तेच हेल, तीच भुवई. लोकांना गणपती आठवला. काहीजण हसले. "ठरावाच्या बाजूनं?" हात वर जायला लागले, तसेच, हसत हसत. निम्म्याहून जास्त.

"विरोधात कोण? कोणी..."

काका उभे राहिले.

खानविलकर थांबले. सगळ्या माना वळल्या. काका समोर बघत होते. एक क्षण गेला, दोन गेले. मी छातीतून खालच्या आवाजात शब्द दिला, "नसीम." काकांनी तो उचलला नाही. मला धसका बसला. पुन्हा देणार होते, तेवढ्यात सवयीनं माझी नजर त्यांच्या हातांकडे गेली. दोन्ही हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर होते. काही शोधत नव्हते. गच्च, जागेवर.

काका विसरले नव्हते. थांबले होते.

मी तोंड मिटलं.

"काका, बसा, पाय दुखतील," खानविलकर म्हणाले. "तर विरोधात..."

"खानविलकर, थांबा," मी म्हटलं. "त्यांचं वाक्य चालू आहे."

"कुठे चालू आहे? बोलत तर नाहीयेत."

"चालू आहे."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि गप्प झालं. मग आवारात नुसती शांतता. वरच्या खिडकीतून टीचरच्या सासूबाईंच्या खोकल्याचा आवाज आला. वर गेलेले हात अजून वरच होते, कारण मोजायचे राहिले होते. इतके प्रयोग करूनही मला जे कळलं नव्हतं ते तेव्हा दिसलं. अध्यक्ष बोलत असतो तोवर हात हलका असतो. शांततेत तो जड होतो. एकानं चष्मा सारखा करायला हात खाली घेतला, तो परत वर नेला नाही. दुसऱ्या कुणाला मान खाजवायची होती.

मग काका बोलले. पाठ केलेलं वाक्य बोललेच नाहीत.

"गणपतीत मी हात वर केला होता," ते म्हणाले. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "सगळ्या ठरावांना केला. मजा वाटली. ते नाटक होतं. हे नाटक नाही. वर एक बाई राहते, तिला मी किल्ली दिली आहे, आणि ती मी परत मागणार नाही. विरोधात मी."

आणि बसले.

खानविलकर सावरून म्हणाले, "ठीक. एक विरोध. बाकी..."

"दोन," काकू म्हणाल्या.

"तीन," मी.

पहिल्या मजल्यावरच्या माने वहिनी उभ्या राहिल्या. "चार लिहा. माझ्या पोराची दहावी आहे. मार्चपर्यंत टीचरना कुणी हलवलं तर बघा." कारण फार उदात्त नव्हतं. पण त्यांच्यामागोमाग आणखी दोन-तीन आया उभ्या राहिल्या, आणि खानविलकरांच्या बायकोनं नवऱ्याकडे असं काही बघितलं की तसा चेहरा मी कुठल्याही नटीचा पाहिलेला नाही. त्यांच्या धाकटीचं गणित कच्चं आहे. खानविलकर म्हणाले, विषय पुढच्या सभेत घेऊ.

पुढच्या सभेत तो आला नाही. पुढे कधी येणार नाही असं मी म्हणत नाही. हवा अजून तीच आहे आणि कागद स्वस्त असतो. पण काकांनी करार पुन्हा केला, टीचर अजून दुसऱ्या मजल्यावर आहेत, आणि आता आवारातली मुलं क्रिकेट खेळताना 'मंजूर' ओरडत नाहीत. कदाचित जुनं झालं असेल.

मी गटात हे सगळं सांगितलं तेव्हा नंदूनं डोकं धरलं. "वाट लागली यार. आपण हुकूमशहा दाखवायला गेलो आणि सगळ्यात लाडकं पात्र तेच झालं."

विलास चिडला. "म्हणजे मी चांगलं काम केलं हा माझा गुन्हा?"

"तुझं काम छान आहे रे," मी म्हटलं. "गडबड दुसरीकडे आहे. 'विरोधात कोण' आणि 'कोणीच नाही' यांच्यामध्ये आपण जागाच ठेवलेली नाही. तू एका दमात म्हणतोस. मध्ये कुणाला बोलायचं असेल तर तो बोलणार कुठे?"

"मग काय करू?"

"थांब."

"किती?"

"ते आपण ठरवायचं नाही."

नंदूनं बाड ओढून घेतलं आणि शेवटच्या ठरावाच्या पानावर त्या दोन वाक्यांच्या मध्ये कंसात 'थांबतो' एवढाच शब्द लिहिला. कांबळीचा शेवट काढून टाकला. आता शेवट प्रेक्षकांचा. कुणी बोललं तर नाटक तिथे संपतं. कुणीच बोललं नाही तर विलासला 'मंजूर' म्हणावं लागतं आणि अंधार होतो. तसंही होतं, बऱ्याचदा होतं. अशा प्रयोगानंतर लोक हसत बाहेर पडत नाहीत, आणि विलासबरोबर फोटोही कुणी काढत नाही. आताशा तो त्याबद्दल तक्रार करत नाही.

गेल्या महिन्यात मुलुंडच्या त्याच हॉलमध्ये प्रयोग झाला. पेस्ट कंट्रोल निघालं नाही. नवा मॅनेजर आहे, त्याला अजून फोन आला नसावा. हॉल चांगला भरला होता. शेवटचा ठराव आला, हात वर गेले. विलासनं विचारलं, "विरोधात कोण?"

आणि थांबला.

कुणी बोलेना. शांतता वाढत गेली, नटाला खायला उठते तेवढी वाढली. विलासचा उजवा हात कुर्त्याचा खिसा चाचपायला लागला. मी तो हात ओळखते. त्यानं डोळ्यांच्या कोपऱ्यातून विंगेकडे, माझ्याकडे पाहिलं. मंगल, शब्द दे. माझ्या सगळ्या नोकरीत अशा नजरेला मी कधी नाही म्हटलेलं नाही.

मी बाड मिटलं आणि छातीशी धरून उभी राहिले.

अंधाऱ्या प्रेक्षागृहात, कुठेतरी मागच्या रांगेत, कुणीतरी उठल्यावर दुमडती खुर्ची वर जाते तसा खट्कन आवाज झाला.